होस्ट फॅमिलीकडे एक वर्ष: एक्स्चेंज विद्यार्थी आणि पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळकरी वयात सहा महिने किंवा वर्षभर परदेशातल्या अनोळखी कुटुंबात राहायला जाणारी मुलं आणि त्यांचे आई-वडील जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. मुलांच्या प्रश्नांना ‘तू’ म्हणून उत्तर दिलंय, पालकांच्या प्रश्नांना ‘तुम्ही’ म्हणून. एखादा नियम विशिष्ट देशापुरता असेल, तिथे त्या देशाचं नाव घेतलंय.

कोणत्या संस्थेतर्फे जावं?

जुन्या आणि मोठ्या संस्था तीन. एएफएस (अमेरिकन फील्ड सर्व्हिस) ही मुळात पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, जखमी सैनिकांना वाहून नेणाऱ्या स्वयंसेवक रुग्णवाहिका चालकांची संघटना. शाळकरी मुलांची देवाणघेवाण तिने १९४७ पासून सुरू केली. वायएफयू (यूथ फॉर अंडरस्टँडिंग) १९५१ मधली. तिसरी रोटरी यूथ एक्स्चेंज, जी स्थानिक रोटरी क्लब चालवतात. रोटरीच्या वर्षभराच्या कार्यक्रमात मुलाला बहुधा एकापेक्षा जास्त कुटुंबांत आळीपाळीने राहावं लागतं, बाकी दोन्हींकडे साधारणपणे एकच कुटुंब. कोणतं चांगलं हे मुलाच्या स्वभावावर आहे. दर काही महिन्यांनी नव्याने बस्तान बसवणं काहींना जड जातं. काहींना तीच मोठी सुटका वाटते, कारण न जुळलेलं घरही ठरलेल्या तारखेला सुटतं.

माहितीपत्रकातले हसरे फोटो बाजूला ठेवा आणि संस्थेला तीन प्रश्न विचारा. स्थानिक कोऑर्डिनेटर, म्हणजे मुलाकडे लक्ष ठेवणारा संस्थेचा तिथला माणूस, होस्ट फॅमिलीपासून किती अंतरावर राहतो? कुटुंब बदलायची वेळ आली तर मधल्या दिवसांत मूल कुठे राहतं? मूल मुदतीआधी परत आलं तर किती पैसे परत मिळतात? या तिन्हींची उत्तरं लेखी द्यायला टाळाटाळ झाली, तर पाणी कुठेतरी मुरतंय असं समजा.

होस्ट फॅमिलीला आम्हाला ठेवून घेण्याचे पैसे मिळतात का?

वर सांगितलेल्या संस्थांमध्ये कुटुंबं स्वयंसेवक असतात. अमेरिकेत जे-वन या देवाणघेवाणीसाठीच्या व्हिसावर येणाऱ्या शाळकरी मुलांच्या बाबतीत तर होस्ट फॅमिलीला मोबदला देण्यास नियमानेच मनाई आहे. खासगी शाळांच्या किंवा भाषावर्गांच्या ‘होमस्टे’मध्ये मात्र कुटुंबाला दरमहा पैसे मिळतात. तू कोणत्या प्रकारात जातोयस हे आधी माहीत करून घे, कारण त्यावर घरातलं तुझं स्थान ठरतं. पैसे न घेणाऱ्या कुटुंबाला घरात एक मूल हवं असतं, पाहुणा किंवा भाडेकरू नको असतो. यापुढची बरीचशी उत्तरं याच एका गोष्टीभोवती फिरतात.

वय किती लागतं आणि तयारी कधी सुरू करायची?

साधारण १५ ते १८. तयारी निघण्याच्या दहा-बारा महिने आधी. शाळेच्या मागच्या दोन-तीन वर्षांच्या गुणपत्रिका, शिक्षकांचं शिफारसपत्र, वैद्यकीय तपासणीचा फॉर्म आणि लसीकरणाची नोंद लागते. यात सर्वांत जास्त वेळ लसीकरण खातं, कारण काही लसींच्या दोन डोसांमध्ये काही आठवड्यांचं किंवा महिन्यांचं अंतर ठेवावं लागतं आणि जुनं लसीकरण कार्ड आयत्या वेळी सापडत नाही.

होस्ट फॅमिलीसाठी जे पत्र लिहायचं, त्यात काय लिहू?

हे पत्र वाचूनच कुटुंब निवड करतं, म्हणून पूर्ण अर्जात सर्वाधिक वेळ याला दे. ‘मी मनमिळाऊ, जबाबदार असून मला नव्या संस्कृती जाणून घ्यायला आवडतं’ हे वाक्य प्रत्येक पत्रात असतं आणि त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी तुझा एक साधा दिवस लिही: ‘मी सकाळी सहाला उठते, आजीची औषधं काढून ठेवते, शाळेतून आल्यावर तासभर कुणाशी बोलायला मला आवडत नाही, जेवताना मात्र मी सगळ्यांत जास्त बोलते.’ एवढ्यावरून त्या घरातल्या बाईंना डोळ्यांसमोर मुलगी दिसते.

खोटं काही लिहू नको. कुत्र्याची भीती वाटत असेल, दमा असेल, शाकाहारी असशील, अंधारात झोप लागत नसेल, ते पत्रात किंवा अर्जात असायलाच हवं. ‘असं लिहिलं तर कुणी निवडणार नाही’ या धास्तीने मुलं लपवतात आणि दोन मांजरं असलेल्या घरात नाक गळत बसतात. आहाराबद्दल लिहिताना काय चालत नाही याच्या जोडीने काय चालतं तेही लिही. नुसत्या नकारांची यादी वाचून स्वयंपाक करणारं माणूस घाबरतं.

निघायला तीन आठवडे उरले, अजून कुटुंबाचं नाव कळलं नाही. काही गडबड आहे का?

बहुतेक वेळा नाही. स्वयंसेवक कुटुंबं शोधायला वेळ लागतो आणि नावं शेवटच्या आठवड्यांतही येतात. अमेरिकेत तर कुटुंब आणि शाळा दोन्ही पक्कं झाल्याशिवाय संस्थेला मुलाला देशात आणताच येत नाही. कधीकधी ‘वेलकम फॅमिली’ म्हणजे पहिल्या काही आठवड्यांपुरतं कुटुंब मिळतं. म्हणजे आपलं मूल कुणाला नकोय, असा अर्थ काढू नका.

सामानात काय न्यायचं?

बहुतेक विमान कंपन्यांची चेक-इन बॅग २३ किलोंची असते. निम्मी बॅग कपड्यांची पुरे; त्या हवामानाचे जाड कपडे तिथेच घेतलेले बरे. केबिन बॅगेत पासपोर्ट, व्हिसाची कागदपत्रं, विम्याचं कार्ड, एक जोडी कपडे, चष्म्याचा दुसरा जोड आणि औषधं. पॉवर बँक केबिन बॅगेतच ठेवायची, चेक-इनमध्ये चालत नाही. कोऑर्डिनेटर आणि होस्ट फॅमिलीचा नंबर कागदावर लिहून खिशात ठेव. उतरल्यावर फोनची बॅटरी संपलेली किंवा सिम बंद, हा प्रकार नेहमीचा आहे.

औषधं मूळ पाकिटात, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, तीवर औषधाचं रासायनिक नाव. घरी सहज मिळणारं औषध दुसरीकडे बेकायदा असू शकतं. जपानमध्ये अ‍ॅम्फेटामाइन असलेली एडीएचडीची (लक्ष एकाग्र न होण्याच्या विकाराची) औषधं डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी नेता येत नाहीत, आणि सर्दीच्या ज्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन दहा टक्क्यांपेक्षा जास्त असतं त्यांनाही बंदी आहे.

विजेच्या उपकरणांवर बारीक अक्षरांत ‘इनपुट’ लिहिलेलं असतं ते वाच. १००-२४० व्होल्ट असेल तर नुसता प्लग अडॅप्टर पुरतो. फोन आणि लॅपटॉपचे चार्जर असेच असतात. केस सरळ करायची मशीन बऱ्याचदा २२०-२४० व्होल्टवरच चालते. ११० व्होल्टच्या देशात ती कोमट होऊन बसते. उलट ११० व्होल्टची वस्तू २३० व्होल्टमध्ये लावली तर जळते.

पोचल्यावर पहिले काही दिवस नुसती झोप येते. घरच्यांना मी आळशी वाटेन का?

नाही, त्यांना जेटलॅग माहीत असतो. ढोबळ हिशेब असा की जितक्या तासांचा फरक, साधारण तितके दिवस शरीर रुळायला लागतात. पूर्वेकडे प्रवास केला असेल तर त्रास जास्त. सकाळी उजेडात बाहेर पड, दुपारची झोप अर्ध्या तासाच्या आत ठेव. पहिल्या रात्री फक्त तीन गोष्टी कर: घरी ‘पोचलो’ म्हणून कळव, बाथरूम कसं वापरायचं ते विचार, आणि झोप. भेटवस्तू सकाळी दे.

घराचे नियम कसे कळणार? कुणी सांगतच नाही.

कुणी सांगत नाही, कारण त्यांना ते नियम वाटतच नाहीत. ‘आमच्याकडे काही नियम नाहीत, आपलंच घर समज’ हे वाक्य ऐकलंस की सावध हो. नियम आहेत, फक्त मोडल्यावर कळतील. म्हणून पहिल्या तीन दिवसांत, सगळे निवांत बसलेले असताना, वही घेऊन विचार.

तुम्हाला काय हाक मारू? सकाळी बाथरूमची माझी वेळ कोणती? फ्रिजमधलं काय न विचारता घेतलं तर चालेल? कपडे मी धुवायचे की सगळ्यांचे एकत्र, आणि कोणत्या दिवशी? खोलीचं दार बंद असलेलं चालतं का? घराची किल्ली मिळेल का? रात्री किती वाजता घरात असावं, आणि उशीर होणार असेल तर कुणाला कळवू? वायफाय रात्री बंद होतं का? मैत्रीण घरी आली तर आधी किती दिवस सांगू? माझ्या कोणत्या गोष्टीचा त्रास झाला तर तुम्ही मला कसं सांगाल?

शेवटचा प्रश्न विचारायला धीर लागतो, पण तोच सर्वांत कामाचा.

बाथरूमबद्दल थोडं जास्त, कारण पहिलं भांडण बहुधा तिथूनच उगवतं. पुष्कळ देशांत बाथरूमच्या जमिनीला पाणी जायला जाळीच नसते. शॉवर टबमध्ये असेल तर पडद्याची खालची कड टबच्या आत घ्यायची, नाहीतर पाणी जमिनीवरून फळ्यांत मुरतं आणि खालच्या मजल्याच्या छतावर डाग उमटतो. गरम पाणी टाकीतून येत असेल तर ते मोजकंच असतं. तू पंचवीस मिनिटं घेतलीस की तुझ्यानंतर जाणारा गारठतो. आणि तो तोंडावर काही बोलत नाही, कोऑर्डिनेटरला सांगतो.

घरात मदत किती करायची? ‘काही करू का?’ विचारलं की ‘नको, बस’ म्हणतात.

‘काही करू का?’ या प्रश्नाला जगात कुठेही ‘नको’ हेच उत्तर येतं. त्याऐवजी एक ठरलेलं काम मागून घे: रोज रात्री डिशवॉशर रिकामा करणं, कचऱ्याचे डबे ठरलेल्या वारी बाहेर ठेवणं, कुत्र्याला संध्याकाळी फिरवणं. काम लहान असलं तरी चालेल, पण ते तुझं असावं आणि न सांगता व्हावं. ‘आज तू नव्हतास, डबे आतच राहिले’ असं कुणी म्हणालं की तुझं पाहुणेपण संपलं.

दुसरी टोकाची बाजूही आहे. रोज तासन्‌तास लहान मुलांना सांभाळायला लावणं, पूर्ण घराची साफसफाई अंगावर टाकणं हे कुटुंबाचं सदस्यत्व नाही. घरातल्या तुझ्याच वयाच्या मुलांना जेवढं काम असतं तेवढंच तुला, हे साधं माप.

भाषा येत नाही म्हणून मी सगळ्याला ‘हो’ म्हणते. चालेल ना?

अजिबात नाही. गाडी चालवता चालवता होस्ट आई म्हणते, ‘गुरुवारी मला उशीर होईल, तू जिमच्या मागच्या दाराशी थांब, पुढे नको.’ तुला ‘गुरुवार’ आणि ‘दार’ एवढंच कळलं. तू मान डोलावलीस. गुरुवारी तू पुढच्या दाराशी, ती मागे, फोन बॅगेत सायलेंटवर, आणि चाळीस मिनिटांनी दोघीही रडकुंडीला. तिच्या लेखी हा भाषेचा प्रश्न उरत नाही. ‘ही ऐकत नाही’ असं होऊन बसतं.

उपाय: ऐकलेलं आपल्या शब्दांत परत बोलून दाखव. ‘गुरुवार, मागचं दार, चार वाजता?’ व्याकरण चुकलं तरी चालतं. वेळ, जागा आणि पैसे यांबद्दलचं काहीही असलं तर मेसेज करून मागायचं. पहिले काही आठवडे संध्याकाळी डोकं जड होतं, स्वतःच्या भाषेतही बोलवत नाही. दिवसभर परक्या भाषेत वावरल्याचा तो थकवा असतो. तेव्हा ‘मी अर्धा तास पडतो’ असं सांगून खोलीत जा. न सांगता गेलास की घरच्यांना वाटतं काहीतरी बिनसलंय.

आम्ही मुलीशी रोज व्हिडिओ कॉलवर बोलतो. त्यात काय वाईट?

पहिला आठवडा ठीक आहे. पुढेही रोज सुरू राहिलं तर तिची तिथली संध्याकाळ तुमच्याकडेच जाते, आणि त्या घराची एकत्र बसायची वेळ नेमकी तीच असते. आठवड्यातून एक ठरलेला कॉल आणि मध्ये मेसेज, यावर हळूहळू या. ती रडली की लगेच होस्ट फॅमिलीला फोन लावू नका. मुलं सगळ्यांत वाईट क्षणी घरी फोन करतात, रडून मोकळी होतात आणि वीस मिनिटांत खाली जाऊन सगळ्यांबरोबर हसत बसतात. तुम्ही मात्र रात्रभर जागे.

घरची आठवण कधी कमी होते?

‘कल्चर शॉक’ हा शब्द मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनी १९५० च्या दशकात रूढ केला. १९५५ साली स्वेरे लिसगार्ड यांनी अमेरिकेत राहिलेल्या नॉर्वेजियन लोकांच्या अभ्यासावरून ‘यू’ आकाराची कल्पना मांडली: सुरुवातीला उत्साह, मग घसरण, मग हळूहळू चढ. प्रत्येकाचा आलेख असा सुबक नसतो. तरी पहिल्या महिन्यानंतरचा काळ आणि सणासुदीचे दिवस बऱ्याच मुलांना जड जातात, हे खरं. या काळात परत जायचा निर्णय घेऊ नको. एखाद्या खेळात, गाण्याच्या गटात, कशातही नाव घाल, जिथे आठवड्यातून दोनदा जावंच लागेल.

दोन आठवड्यांहून जास्त झोप नाही, जेवण नाही, शाळेत जाववत नाही, किंवा स्वतःला इजा करावीशी वाटते, तर ती नुसती आठवण नव्हे. त्याच दिवशी कोऑर्डिनेटरला सांग. डॉक्टरांकडे नेण्याची जबाबदारी त्यांची आहे.

खर्च कोण कशाचा करतं?

कुटुंब झोपायची जागा आणि घरचं जेवण देतं. फोन, कपडे, साबण-शाम्पू, शाळेच्या सहली, मित्रांबरोबरचं बाहेरचं खाणं हे तुझं. शाळेतल्या दुपारच्या जेवणाबाबत घोळ होतो: घरून डबा न्यायचा असेल तर कुटुंबाचा, कँटीनमध्ये खायचं असेल तर बऱ्याचदा तुझा. पहिल्या आठवड्यात विचारून घे. हॉटेलात सगळे गेले तर आपले पैसे काढायची तयारी ठेव. ते नको म्हणतील तर आभार मान. दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डं वेगवेगळ्या जागी ठेव. होस्ट फॅमिलीकडून उसने पैसे घेऊ नको, आणि त्यांनी मागितले तर देऊ नको. मागितले हे कोऑर्डिनेटरला कळव.

विम्यात काय येत नाही?

बहुतेक पॉलिसींत दातांची नेहमीची कामं, चष्मा आणि आधीपासूनचे आजार नसतात. म्हणून निघण्याआधी दात तपासून, किडलेला भरून घ्या. जे-वन व्हिसासाठी विमा दर अपघात किंवा आजारामागे किमान १ लाख डॉलरचा हवा आणि त्यातला स्वतः भरायचा वाटा ५०० डॉलरपेक्षा जास्त नको. प्रत्येक बिलाचा फोटो काढून ठेवायचा, दवाखान्यातून निघण्याआधीच.

कोणत्या कारणांनी मुलांना परत पाठवतात?

रोटरीत ‘चार डी’ प्रसिद्ध आहेत: ड्रिंकिंग, ड्रग्ज, ड्रायव्हिंग, डेटिंग. पहिल्या तिन्हींवर जवळपास सगळ्याच संस्था ठाम असतात. गाडी चालवण्यावर बंदी मुलांना अन्यायकारक वाटते, पण कारण विम्याचं आहे: अपघात झाला तर भरपाई होस्ट फॅमिलीच्या गळ्यात पडू शकते. मित्राचा ट्रॅक्टर, बोट, स्नो-मोबिल यांचंही आधी विचार. शाळेत नापास होणं, परवानगीशिवाय दुसऱ्या गावी रात्र काढणं, हीही कारणं होतात. बहुतेकदा आधी लेखी ताकीद मिळते. दारू आणि ड्रग्जला ती मिळेलच असं नाही.

कुटुंब बदलून मागता येतं का? त्यांना वाईट वाटेल.

येतं, आणि यात कुणाची हार नसते. बऱ्याच प्लेसमेंट मोठ्या कारणाने मोडतच नाहीत. फोन, बंद दार, न सांगता झालेला उशीर असं साचत जातं. आधी कोऑर्डिनेटर दोघांना समोर बसवतो, एक-दोन आठवडे प्रयत्न करून बघतात, मग बदल.

कोऑर्डिनेटरला लिहिताना विशेषणं टाळ. ‘मला इथे बरं वाटत नाही’ असं लिहिलंस तर ‘थोडे दिवस थांब’ असं उत्तर येईल. ‘तीन आठवड्यांत चार वेळा शाळेतून आले तेव्हा घराला कुलूप होतं, माझ्याकडे किल्ली नाही, दोनदा तासभर पायरीवर बसले’ असं लिहिलंस तर त्यांना काहीतरी करता येतं.

कशाला ‘जुळत नाही’ म्हणायचं आणि कशाला धोका?

कुणी नको तिथे हात लावला, कपडे बदलताना किंवा आंघोळीच्या वेळी आत आलं, ‘हे आपल्यातच राहू दे’ म्हणालं, तुझा पासपोर्ट किंवा फोन काढून घेतला, मारलं, उपाशी ठेवलं, तर हा समेटाचा विषय नाही. पुरावा गोळा करत बसू नको. घराबाहेर पड, शाळेतल्या शिक्षकांकडे किंवा शेजाऱ्यांकडे जा, कोऑर्डिनेटर, संस्थेचा २४ तासांचा नंबर आणि आई-बाबा यांना कळव. कोऑर्डिनेटरने हलक्यात घेतलं तर थेट संस्थेच्या मुख्य कार्यालयाला. पोलिसांसाठी युरोपियन युनियनमध्ये ११२, अमेरिकेत ९११, जपानमध्ये ११०.

पालकांसाठी: अमेरिकेत जे-वनच्या होस्ट घरातल्या १८ वर्षांवरील प्रत्येकाची गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासावी लागते, कोऑर्डिनेटर १२० मैलांच्या आत राहणारा हवा आणि त्याने दर महिन्याला मुलाशी संपर्क ठेवायला हवा. हा महिन्याचा संपर्क मुलाशी एकांतात होतो का, हे मुलाला विचारा. कुटुंबासमोर स्पीकरवर झालेलं बोलणं काही कामाचं नाही.

आम्ही मध्येच भेटायला जाऊ का?

शेवटच्या आठवड्यांत जा, संस्थेला विचारून. पहिल्या सहामाहीत गेलात तर जेमतेम बसलेली घडी विस्कटते.

पोचल्यावर सरकारी नोंदणी असते का?

पुष्कळ देशांत असते आणि मुदत छोटी असते. जर्मनीत राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद, जपानमध्ये १४ दिवसांत, इटलीत आल्यापासून आठ कामाच्या दिवसांत निवास परवान्याचा अर्ज. कुटुंब बदललं की पत्ताही बदलतो, तेव्हा नोंद पुन्हा. हे सगळे विसरतात.

वर्ष वाया जातं का?

ते तुमच्या शाळेवर आणि बोर्डावर आहे, एक्स्चेंज संस्थेवर नाही. निघण्याआधी शाळेकडून लेखी घ्या की कोणते विषय केले तर कोणत्या इयत्तेत घेतील. होस्ट शाळा शालेय शिक्षण पूर्ण केल्याची पदविका (डिप्लोमा) देईलच असं धरून चालू नका. बऱ्याच शाळा फक्त गुणपत्रक देतात.

परत येताना काय विसरू नये?

शाळेचं सही-शिक्क्याचं गुणपत्रक मोहोरबंद पाकिटात, दोन प्रती, शाळेला सुट्टी लागण्याआधी. सुट्टीत शाळेचं ऑफिस बंद असतं आणि मग ईमेलवर महिनोन्‌महिने जातात. तिथे घेतलेल्या लसींची नोंद, विम्याच्या न मिटलेल्या दाव्यांची बिलं. बँक खातं आणि फोनचा करार बंद करून तसं पत्र घे. पत्त्याची नोंद जिथे केली होतीस तिथे ती रद्दही करायची असते.

परतल्यावर स्वतःच्याच घरात परकं वाटतं. १९६३ मध्ये गुलाहॉर्न दांपत्याने ‘यू’ला दुसरा ‘यू’ जोडून ‘डब्ल्यू’ केला तो याचसाठी. मित्र तुझ्या गोष्टी दहा मिनिटं ऐकतात आणि विषय बदलतात. तुझ्याआधी जाऊन आलेली मुलं मात्र तासभर ऐकतील. संस्थेकडे त्यांचा गट असतो, त्यात जा. आणि होस्ट आईला पोचल्याचा मेसेज विमानतळावरूनच कर, ती तिकडे जागी असते.